अपूर्णांक कोणाच्या वाट्याला?

श्रोतेहो, गणितावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आमचे शाळेतले गणित दहावीला थांबले. पुढे जे काही आले ते मस्टर, पगारपत्रके आणि करारनामे वाचता वाचता आले. परंतु ज्या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे, तो शोधण्यासाठी आम्ही ग्रंथालयात गेलो नव्हतो. तो आपण होऊन युनियनच्या कचेरीतल्या टेबलावर येऊन पडला.

वसई पूर्वेला पुठ्ठ्याची खोकी करणारा एक लहानसा कारखाना आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. कामगार सतरा. मालकाने जुनी यंत्रे काढून नवी घ्यावयाचे ठरविले. यंत्रे दोन जातींची मिळत होती. मोठ्या यंत्रावर ५ माणसे लागत, लहानावर ३. खर्च वजा जाता मोठे यंत्र दिवसाला ९०० रुपये मिळवून देणार, लहान ५००. (रुपयांचे आकडे आम्ही सोपे करून घेतले आहेत, माणसांचे खरे आहेत.) मालकाने एक सल्लागार नेमला होता. त्याने संगणकावर हिशेब करून एक कागद दिला. त्यावर उत्तर होते : मोठी यंत्रे ३.४, लहान शून्य.

आता ३.४ यंत्रे कोणी विकत नाही. तेव्हा सल्लागाराने दशांशचिन्हापुढचा ४ खोडला आणि खाली लिहिले : यंत्रे ३, माणसे १५, जादा २.

त्या ‘जादा २’ मुळे कागद आमच्याकडे आला. पाहावयास गेले तर हिशेब चोख आहे. चार दशांश यंत्रावर लागणारी माणसे किती? पाच गुणिले चार दशांश, म्हणजे बरोबर दोन. यंत्राचा अपूर्णांक कागदावरून पुसला गेला आणि दोन माणसे कारखान्याच्या दाराबाहेर उभी राहिली.

आमच्या एका सभासदाची मुलगी तेव्हा बारावीला वाणिज्य शाखेत होती. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, “काका, हे तर आमचे लिनिअर प्रोग्रॅमिंग. पण आमच्या पुस्तकात उत्तर असे तुटके येत नाही.” तिने वही काढून आम्हांला ती रीत समजावून दिली. दोन आस काढावयाचे, एकावर मोठी यंत्रे, दुसऱ्यावर लहान. ‘माणसे १७ पेक्षा अधिक नाहीत’ ही अट म्हणजे एक सरळ रेषा. रेषेच्या आतला त्रिकोण म्हणजे जे जे शक्य आहे ते सर्व. सर्वांत अधिक नफा त्रिकोणाच्या कोपऱ्यावर सापडतो. म्हणून प्रत्येक कोपरा तपासावयाचा आणि उत्तर लिहावयाचे. मराठीत याला रेषीय आयोजन म्हणता येईल. पुस्तकातली पुष्कळशी उदाहरणे अशी बेतलेली असतात, की कोपरा नेमका पूर्णांकावर यावा. शिकविण्याच्या सोयीसाठी ते योग्यच आहे. मात्र कारखाने तसे बेतलेले नसतात.

त्या रात्री आम्ही आणि त्या मुलीने एक साधी गोष्ट केली. कोपरा सोडून दिला आणि त्रिकोणातले पूर्ण संख्यांचे ठिपके एकेक करून तपासले. तीन मोठी यंत्रे : २,७०० रुपये, दोन माणसे रिकामी. दोन मोठी व दोन लहान : २,८०० रुपये, एक माणूस रिकामा. एक मोठे व चार लहान : २,९०० रुपये, आणि माणसे पाच अधिक बारा, बरोबर सतरा. म्हणजे सल्लागाराने अपूर्णांक खोडून काढलेल्या उत्तरापेक्षा २०० रुपये अधिक, आणि जादा कोणी नाही. शिवाय हे उत्तर ३.४ च्या आसपास कोठेही नव्हते. ३.४ जवळ शोधणाऱ्याला ३ सापडते, फार तर ४ सापडते. १ आणि ४ ही जोडी सापडत नाही.

हे पाहिल्यावर आमची झोप उडाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ‘जवळचा पूर्णांक घ्यावा’ हे आम्हीही आयुष्यभर करीत आलो होतो. मग हा प्रश्न पूर्वी कोणाला पडला होता काय, याचा शोध घेऊ लागलो. तेव्हा कळले की तो दीड हजार वर्षांपूर्वी पडला होता, आणि तोही आपल्याच देशात.

आर्यभटाने आपला ग्रंथ इ. स. ४९९ च्या सुमारास रचला. त्याच्या गणितपादाच्या अखेरीस दोन श्लोकांत एक रीत आहे. पुढे तिला कुट्टक हे नाव रूढ झाले. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणारा. मोठ्या संख्यांना भागावयाचे, बाकी घ्यावयाची, त्या बाकीने पुन्हा भागावयाचे, असे करीत संख्या इतक्या लहान करावयाच्या की उत्तर नजरेने दिसावे. ज्योतिषाला याची गरज होती. एका युगात ग्रहाच्या फेऱ्या किती, दिवस किती, हे पूर्ण संख्यांत धरलेले. तेव्हा आज ग्रह अमुक ठिकाणी आहे तर किती पूर्ण दिवस लोटले, हे काढावयाचे. साडेतीन दिवस लोटले हे उत्तर तेथे चालत नसे. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने आपल्या ग्रंथातल्या एका अध्यायालाच कुट्टकाचे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी पहिल्या भास्कराने आर्यभटाच्या त्या त्रोटक श्लोकांवर उदाहरणांसह भाष्य लिहिले.

आमच्या सतरा माणसांवर ही रीत लावून पाहा. पाच पट मोठी अधिक तीन पट लहान बरोबर सतरा. सतरातून मोठ्यांची पाच पट वजा करून तिनाने भागावे, म्हणजे लहान यंत्रे निघतात. सतराला तिनाने भागले तर ५ येतात, बाकी २. पाचाला भागले तर १ येतो, बाकी २. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की दोनातून मोठ्यांची दुप्पट वजा केली तर जे राहील त्याला तिनाने नि:शेष भाग जावा. मोठे यंत्र १ धरले तर शून्य राहते आणि भाग जातो. पुढचा योग ४ वर येतो, पण तेथे लहान यंत्रे उणे एक होतात. म्हणून उत्तर एकच : एक आणि चार. ज्यासाठी आम्ही अर्धी रात्र जागलो ते आर्यभटाच्या रीतीने एका विडीच्या वेळात झाले असते.

ही परंपरा महाराष्ट्राच्या दाराशी आली ती भास्कराचार्यांबरोबर. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ सालचा. लीलावती आणि बीजगणित हे ज्या ग्रंथाचे भाग, तो सिद्धान्तशिरोमणी ११५० चा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे ते स्वतःच सांगतात. ते गाव नेमके कोणते यावर पंडितांचे वाद आहेत, त्यांत आम्ही पडत नाही. परंतु चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो गेल्याच्या आधीच्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला, आणि त्या मठाला दिलेल्या उत्पन्नाची नोंद या लेखात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या पेठेत गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळे तो मठाला दिला, आणि जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला. म्हणजे गणिताची शाळा चालली ती पेठेतल्या गिऱ्हाइकांच्या आणि घाण्यावर राबणाऱ्यांच्या जिवावर. इतिहासाच्या पुस्तकांत राजाचे नाव मोठ्या अक्षरांत येते. आमची नजर त्या पळीवर जाते, याला इलाज नाही.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात पक्ष्यांचे एक नामांकित उदाहरण आहे. तीन द्रम्मांना पाच पारवे, पाचांना सात सारस, सातांना नऊ हंस, आणि नवांना तीन मोर. राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणावयाचे. येथे अर्धा मोर चालत नाही आणि उणे हंसही चालत नाहीत. उत्तरे मात्र एकाहून अधिक आहेत. पारवे १५, सारस २८, हंस ४५, मोर १२ हे एक. पारवे ५, सारस ५६, हंस २७, मोर १२ हे दुसरे. ताडा करून पाहावा. यांतले बरे कोणते, हे उदाहरण विचारीत नाही. पैसे तेवढेच, पक्षी तेवढेच, राजपुत्र खूश.

म्हणजे पूर्णांकाची अट आपल्याकडे होती, पण ‘सर्वांत अधिक’ हा शब्द नव्हता. तो शब्द गणिताच्या पुस्तकात येण्यापूर्वी गिरणीत आला, आणि तेथे काय झाले ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

१९२८ सालच्या मुंबईच्या गिरणी संपाबद्दल आपण ऐकले असेल. एप्रिलात सुरू झालेला तो संप ऑक्टोबरात मिटला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. पगाराचा प्रश्न होताच, पण मूळ दुखणे कामाच्या नव्या मोजमापाचे होते. विणकर दोन माग सांभाळीत असे, त्याने तीन सांभाळावेत. सूत काढणारा साच्याची एक बाजू पाही, त्याने दोन्ही पाहाव्यात. सूत सुधारले, यंत्र सुधारले, तेव्हा माणसाला थोडे अधिक काम झेपेल, असा मालकांचा युक्तिवाद. तो सर्वस्वी खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण ‘थोडे अधिक’ म्हणजे किती? समजा, सुधारणेमुळे एका माणसाला सव्वादोन माग झेपू लागले. सव्वादोन माग कोणाला देता येत नाहीत. दोनानंतरची पायरी तीन, आणि दोनाचे तीन म्हणजे काम दीडपट. एका बाजूच्या दोन बाजू म्हणजे तर दुप्पट. पाव मागाची सुधारणा आणि एका मागाची वाढ, यांतला पाऊण माग विणकराच्या अंगावर पडला. मागे पडलेल्या धाग्यांची गाठ मारणारे हात तेवढेच राहिले. त्या वेळच्या सभांतून ना. म. जोशी, डांगे यांनी पुष्कळ बाजू मांडल्या. हा हिशेब आम्ही आमच्या बुद्धीने करीत आहो, त्याचा दोष त्यांच्यावर नाही.

उलट दिशेलाही तोच खेळ होता. खात्याला सरासरीने जितकी माणसे रोज कमी पडत, तेवढ्यासाठी बदली कामगार फाटकाशी उभे राहत. हजेरीच्या हिशेबात बदली हा दशांशचिन्हापुढचा आकडा. घरी मात्र तो पूर्णांक असे. त्याची चूलही पूर्णांकच असे.

‘सर्वांत अधिक’चे गणित प्रथम लिहिले ते रशियात. लेनिनग्राडच्या प्लायवूड कारखान्यांनी लिओनिद कान्तोरोविच या तरुण गणितज्ञाला विचारले, की निरनिराळ्या जातींचे लाकूड निरनिराळ्या यंत्रांवर कसे वाटावे म्हणजे माल अधिक निघेल. त्याने १९३९ साली त्यावर पुस्तिका काढली. तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७५ साली मात्र त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत हवाई दलाच्या नोकरीत असलेल्या जॉर्ज डॅन्झिगने १९४७ साली कोपऱ्याकोपऱ्याने जाण्याची रीत स्वतंत्रपणे बसविली. तिची पहिली मोठी कसोटी आहाराच्या प्रश्नावर झाली : ७७ खाद्यपदार्थांतून माणसाला पुरेल असा सर्वांत स्वस्त वर्षाचा आहार. जॉर्ज स्टिग्लर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अंदाजाने ३९ डॉलर ९३ सेंट काढले होते. नव्या रीतीने ३९ डॉलर ६९ सेंट निघाले. (पीठ, डब्यातले दूध, कोबी, पालक आणि वाल यांवर कोणी वर्ष काढील काय, हा प्रश्न अर्थात खाणाऱ्याला विचारला नव्हता.)

आहारात अपूर्णांक खपतो. पाव किलो पीठ, पाऊण लिटर दूध, यात वावगे काही नाही. पण विरारच्या फलाटावर सकाळी उभे राहा. नेहमीच्या लोकलचे डबे तीन-तीनच्या संचाने जोडलेले, म्हणून गाडी बारा डब्यांची, पूर्वी नऊंचीही असे. २००९ पासून पंधरांचीही धावू लागली. गर्दीचा हिशेब तेरा डब्यांचा आला तरी तेरा डब्यांची गाडी निघत नाही. बारांची निघते, आणि उरलेला तेरावा डबा दाराच्या दांडीला लटकतो.

लढाईच्या खात्यालाही हे जाणवले. राल्फ गोमोरी हा गणितज्ञ प्रिन्स्टनला असताना अमेरिकन आरमाराचा सल्लागार होता. तेथे एका बैठकीत रेषीय आयोजनाची उत्तरे मांडली जात होती. उत्तर आले १.३ विमानवाहू नौका, आणि मांडणाऱ्यानेच म्हटले की पूर्ण संख्या मिळाली असती तर बरे झाले असते. गोमोरीने ते मनावर घेतले. १९५८ साली त्याने अशी रीत प्रसिद्ध केली की तिने कधी ना कधी पूर्णांकी उत्तर मिळतेच. युक्ती सुताराची आहे. अपूर्णांकाचा कोपरा करवतीने कापून टाकावयाचा, पण असा की पूर्ण संख्येचा एकही ठिपका त्याबरोबर जाऊ नये.

आमच्या त्रिकोणावर ही करवत चालवून पाहू. दोनच काप लागतात. पहिला : कोणतेही यंत्र घ्या, तीन माणसे तर लागणारच, तेव्हा सतरा माणसांत सर्व मिळून यंत्रे पाचांहून अधिक होणार नाहीत. दुसरा किंचित नाजूक आहे. माणसांची अट अडीचाने भागली तर ‘मोठ्यांची दुप्पट अधिक लहानांची १.२ पट ही ६.८ हून अधिक नाही’ असे होते. १.२ च्या जागी १ धरला तर डावी बाजू वाढत नाही, कमीच होते. आता मोठ्यांची दुप्पट अधिक लहान ही तर पूर्ण संख्या, ती ६.८ हून मोठी नाही म्हणजे ६ हून मोठी नाही. या दोन रेषा काढा. ३.४ चा कोपरा गळून पडतो, आणि नवे कोपरे राहतात ते सगळे पूर्ण संख्यांचे : तीन व शून्य, एक व चार, शून्य व पाच. नफा अनुक्रमे २,७००, २,९०० आणि २,५००. आता मुलीच्या पुस्तकातली कोपरे तपासण्याची रीत निर्धास्तपणे लावावी. आमच्या मते या सर्व इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट ही आहे. ६.८ चे ६ करण्यात येथेही अपूर्णांक टाकला गेला. पण तो टाकण्याचा हक्क का आहे, हे आधी सिद्ध केले, आणि कोणाचेही नुकसान झाले नाही याची खात्री करून घेतली. सल्लागाराने ३.४ चा ४ खोडला तेव्हा यांतले काहीच केले नव्हते.

दोनच वर्षांनी, १९६० साली, लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयातल्या आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी निराळी वाट दाखविली. उत्तर ३.४ आले ना? मग प्रश्नाच्या दोन फांद्या करा : एकीत मोठी यंत्रे तीन किंवा कमी, दुसरीत चार किंवा अधिक. मधली जागा रिकामीच आहे, तेथे शोधावयाचे नाही. आमच्या बाबतीत दुसरी फांदी तेथेच वाळते, कारण चारांना वीस माणसे लागतात. पहिलीला पुन्हा फांद्या फुटतात. संगणकावर आज पूर्णांकी उत्तरे काढतात ती बहुधा गोमोरीची करवत आणि या दोघींच्या फांद्या एकत्र करून. तशी अट घालण्याची सोय साध्या संगणकातल्या हिशेबाच्या तक्त्यातही असते. सल्लागाराने ती घातली नव्हती, इतकेच.

काही प्रश्न असे भाग्यवान असतात, की तेथे पूर्णांक आपण होऊन येतो. पाच माणसे, पाच कामे, प्रत्येकाला एक काम, आणि एकंदर वेळ कमीत कमी लागावा. बारावी वाणिज्यच्या पुस्तकात हा पाठ रेषीय आयोजनाच्या लगेच पुढे आहे. १९५५ साली हॅरॉल्ड कून याने त्याची जी रीत दिली, तिला त्याने हंगेरियन नाव दिले, कारण तिचे मूळ केनिग आणि एगर्वारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामात होते. तेथे कोपरे मुळातच पूर्ण संख्यांचे असतात. कोणाला अर्धे काम देण्याची पाळी येत नाही. मुकादमाला हे कळते की नाही, देव जाणे.

इतर प्रश्न मात्र असे नाहीत. १९७२ साली बर्कलीच्या रिचर्ड कार्प याने एकवीस कठीण प्रश्नांची यादी दिली आणि सिद्ध केले, की त्यांतला एक जरी झटपट सुटला तरी सगळे सुटतील. यंत्र घ्यावे किंवा न घ्यावे, मधले काही नाही, अशा प्रकारचे पूर्णांकी आयोजन त्या यादीत आहे. अशी झटपट रीत असू शकते की नाही, हे आजवर कोणाला सांगता आलेले नाही.

याच कार्पच्या हाताखाली एक मराठी तरुण शिकत होता. नरेंद्र करमरकर. जन्म ग्वाल्हेरचा, पदवी पवईच्या आय. आय. टी. ची, १९७८ ची. १९८४ साली, अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत असताना, त्यांनी रेषीय आयोजनाची जी नवी रीत प्रसिद्ध केली, तिची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली. डॅन्झिग कोपऱ्याकोपऱ्याने कडेकडेने जात होता. करमरकर आतून, पोटातून गेले. कंपनीने त्या रीतीचे पेटंट १९८८ साली मिळविले. गणिताच्या रीतीवर मालकी सांगता येते काय, यावर तेव्हा मोठा वाद झाला. आमचे मत विचाराल तर आर्यभटाने पेटंट घेतले असते तर भास्कराचार्यांना उपाशी राहावे लागले असते.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे, कमी गाजलेले काम अधिक मोलाचे आहे. १९८२ साली करमरकर आणि कार्प या गुरुशिष्यांनी भरणीच्या प्रश्नावर निबंध लिहिला. लहानमोठ्या पेट्या आहेत, सारख्या मापाचे टेम्पो आहेत. कमीत कमी किती टेम्पोंत माल बसेल? वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतून रोज संध्याकाळी हा प्रश्न हमाल सोडवितात. त्यांनी आधी अपूर्णांकाला मोकळीक देऊन प्रश्न सोडविला, आणि मग तो अपूर्णांक क्रमाक्रमाने, फार जपून पूर्णांकाकडे आणला. उत्तर दर वेळी अगदी कमीत कमीच असेल असा त्यांचा दावा नव्हता. दावा असा होता की पेट्या कितीही वाढल्या तरी जादा टेम्पोंची संख्या त्या मानाने फारच हळू वाढेल, आणि ती मर्यादा त्यांनी सिद्ध केली. चूक किती होईल ते आधी सांगितले. करारावर सही करताना समोरच्याने एवढे सांगितले तरी आम्ही समाधानी असतो.

कायद्यालाही अपूर्णांक टाळता आला नाही, आणि कायद्याने तो उघडपणे लिहून ठेवला, हे येथे नमूद केले पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्यात कामाच्या वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरली. भागाकारात अर्धा दिवस किंवा अधिक उरला तर पूर्ण दिवस धरावा, त्याहून कमी उरला तर सोडून द्यावा, असे शब्द त्यात घातले. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सहा महिन्यांहून अधिक उरलेले महिने पूर्ण वर्ष म्हणून धरण्याचे ठरले. सहा महिने आणि एक दिवस भरलेल्या माणसाला त्या एका दिवसामुळे पंधरा दिवसांचा पगार मिळत असे. आणि सहा महिन्यांना दोन दिवस कमी असताना कोणाला घरी पाठविले, तर ते दोन दिवस कोठे गेले हे आम्ही शोधावयाचे. या दोन दिवसांसाठी आम्ही जितक्या चपला झिजविल्या तितक्या मोठ्या संपांसाठीही झिजविल्या नसतील.

आता पुन्हा पुठ्ठ्याच्या कारखान्याकडे. दुसऱ्या दिवशी आम्ही ती वही घेऊन मालकाकडे गेलो. मुलगी बरोबर होती. मालक हिशेबी माणूस. त्याने रागावण्याऐवजी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि सगळे ठिपके पुन्हा तपासले. सल्लागाराला फोन लावला, त्याच्याशी थोडा वेळ गुजरातीत बोलला, आणि ठेवून दिला. मग म्हणाला, एक आणि चार हे उत्तर बरोबर आहे, पण चार लहान यंत्रांना जी वीजजोडणी लागेल ती गाळ्यात नाही, दोनांपुरतीच आहे. ही अट आमच्या कागदावर नव्हती आणि सल्लागाराच्याही नव्हती.

शेवटी दोन मोठी आणि दोन लहान यंत्रे आली. माणसे सोळा. नफा वहीतल्याप्रमाणे २,८००. सतरावा माणूस कोठे बसवावयाचा यावर तासभर घासाघीस झाली, आणि तो मालाच्या कोठारात गेला. आज तो तेथेच आहे, खोकी मोजतो.